अम्मी राहणार कुठे, आणि खर्च किती?



गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतोय. घरातल्या थकलेल्या माणसांचं काय करायचं? रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका भगिनीचं पत्र त्यातलं सगळ्यात सविस्तर आहे, म्हणून तेच समोर ठेवते. नाव-गाव अर्थातच देत नाही.

अम्मी ७६ वर्षांची. अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. गावात कौलारू घर, मागे थोडी आंब्याची कलमं. दोन भाऊ आखातात, त्यातल्या एकाची बीवी गावातच सासूजवळ. पत्र लिहिणारी बहीण मुंब्र्याला, वन रूम किचनमध्ये. अम्मीला साखर आहे, गुडघे गेलेत, आणि पावसाळ्यात न्हाणीघरात घसरून पडल्यापासून रात्री एकटीने उठायची भीती बसली आहे. आता वहिनीला मुलांच्या शाळेसाठी शहरात राहायला जायचंय. मोठा भाऊ फोनवर म्हणतो, ‘इतकी वर्षं घरच्या घरी फुकटात होत होतं, आता कशाला खर्च काढता?’ धाकटा म्हणतो, ‘चांगला वृद्धाश्रम बघा, पैसे मी पाठवतो.’ यावर मोठ्याने आठ दिवस बोलणं टाकलं. बहीण विचारते, ‘अम्मीला कुठे ठेवायचं? कुठे किती खर्च येतो ते तरी सांगा.’

आधी त्या ‘ठेवायचं’बद्दल. मी भाषा शिकवते, म्हणून खटकलं असेल. पण आपण डबा ठेवतो, दागिने गहाण ठेवतो. माणूस राहतो. उर्दूतही ‘अम्मी को कहाँ रखें’ असंच म्हणतात, म्हणजे दोन्ही भाषांत आपली खोड सारखीच. चार पानांच्या त्या पत्रात दोन भावांचं म्हणणं आहे, वहिनीचं आहे, एका मामूंचंही आहे. अम्मी काय म्हणते ते एका ओळीतही नाही. माझा पहिला सल्ला हाच की हिशोबाची वही उघडाल तेव्हा अम्मीला समोर बसवा. तिचं वय झालंय, अक्कल शाबूत आहे.

आता ‘फुकटात’कडे वळते, कारण सगळा घोळ या एका शब्दात आहे. आपल्या कोकणात पुरुष बाहेरगावी आणि बायका गावात ही जुनी रीत आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. त्या आकड्यात सासूचं औषध-पाणी, दिवसातून तीनदा साखरेचं पथ्य आणि रात्री दोनदा उठून मोरीपर्यंत हात धरून नेणं करणाऱ्या किती सुना असतील, विचार करा. त्या वहिनीचं काम भावाच्या वहीत शून्य रुपये आहे. तेच काम करायला ब्युरोची बाई आणली की ती महिन्याला वीस हजार मागते. मग फुकट काय होतं?

इथे दीनचा एक मुद्दा सांगितलाच पाहिजे, कारण त्याच्या नावावर सुनांना गप्प केलं जातं. आईवडिलांच्या खिदमतीची जबाबदारी औलादीवर आहे. सूरह बनी इस्राईलमधला तो हुक्म लहानपणापासून आपल्या कानावर आहे. पण सासू-सासऱ्यांची सेवा सुनेवर तशी फर्ज नाही, ते तिचं औदार्य आहे, असं बहुतेक फिकहचे जाणकार सांगतात. मुलगा दोह्यात आणि त्याचं फर्ज बीवीच्या गळ्यात, ही वाटणी आपण केलेली आहे. सुनेने प्रेमाने केलं तर सोन्याहून पिवळं. मात्र ते गृहीत धरून बजेट आखू नये.

तर मग हिशोब. दर गावोगाव वेगळे असतात. खाली धरलेले आकडे या भगिनीच्या घरापुरते, आमच्या भागात सध्या ऐकायला मिळतात त्या दरांवरून अंदाजाने धरलेले आहेत. तुम्ही तुमच्या गावचे घाला.

पहिला मार्ग, अम्मी तिच्याच घरात आणि चोवीस तासांची बाई सोबत. बाईचा पगार २०,०००. तिचं जेवण-चहा ३,०००. अम्मीचं किराणा, गॅस, वीजबिल ६,०००. औषधं आणि तपासण्या ४,०००. बाई रजेवर गेली की बदली बाईचे पैसे, दवाखान्याची रिक्षा, पावसाळ्याआधी कौलं चाळणं, असं सगळं वर्षाचं धरून महिन्याला ३,०००. बेरीज ३६,०००.

दुसरा, मुंब्र्याला लेकीकडे. वन रूम किचनमध्ये आजारी माणूस, दोन तरुण मुलं आणि जावई मावणार नाहीत. मोठं घर भाड्याने घ्यायचं तर भाड्यात किमान ८,०००ची वाढ. दिवसा काही तास बाई ९,०००. अम्मीचं जेवण-खाण ४,०००. औषधं ४,०००. बंद पडलेल्या गावच्या घराची साफसफाई आणि घरपट्टी धरून १,५००. झाले २६,५००. पण ही भगिनी घरी शिकवण्या घेते, त्यातून तिला महिन्याला सात हजार मिळतात. त्या बंद होणार. ते धरले की ३३,५००. पत्रात तिने हे सात हजार स्वतःच धरले नव्हते! शिकवण्यांचा उल्लेख पत्राच्या शेवटी, सहज केलाय. बायका स्वतःचं काम हिशोबात घेत नाहीत, मग भाऊ कशाला घेतील?

तिसरा, पैसे भरून राहायचा चांगला वृद्धाश्रम. महिना १८,०००, औषधं ४,०००, कपडे-साबण-पॅड असं वरचं २,०००, लेकीच्या येण्या-जाण्याचे २,०००, गावच्या घराचे १,५००. एकूण २७,५००, आणि प्रवेशाच्या वेळी अनामत वेगळी.

म्हणजे ३६, साडेतेहतीस आणि साडेसत्तावीस. मोठ्या भावाला वाटत होतं की घर म्हणजे शून्य आणि आश्रम म्हणजे लूट. धाकट्याला वाटत होतं की पैसे टाकले की प्रश्न मिटला. दोघांचंही खरं नाही. घर महाग आहे, आणि स्वस्त दिसणाऱ्या तिसऱ्या मार्गात काही खर्च रुपयांत मांडता येत नाहीत.

ते कोणते? बहुतेक वृद्धाश्रम ‘स्वतःचं स्वतः करणाऱ्या’ माणसालाच घेतात. दोन वर्षांनी अम्मी अंथरुणाला खिळली तर काय? काही ठिकाणी जादा पैसे घेऊन सांभाळतात, काही ठिकाणी ‘घेऊन जा’ म्हणून फोन येतो. हे पहिल्याच दिवशी विचारा आणि लेखी घ्या. जेवण अनेक ठिकाणी पूर्ण शाकाहारी असतं. ते आपल्याला चालतं, अडचण नाही, पण आयुष्यभर मासळी खाल्लेल्या कोकणी बाईला महिनोन् महिने ते गळ्याखाली उतरेल का? घरून डबा आणू देतात का? जिथे मांसाहार आहे तिथे मटण कुठून येतं? बसून वुजू करता येईल असा नळ आहे का? रमजानमध्ये सहेरीला कुणी निदान चहा गरम करून देईल का? अंघोळ घालायला बाईच असेल ना? आणि तोंडावर आणवत नाही तो प्रश्न म्हणजे इंतकाल झाला तर आधी कुणाला फोन जाईल, आणि गुस्ल-कफन-दफनासाठी मय्यत किती वेळात ताब्यात देतील? अर्जावर फक्त दुबईचा नंबर असेल तर घोळ होतो. जवळच्या जमातीतल्या एका जबाबदार माणसाचा नंबर आणि लेकीचा नंबर, दोन्ही लिहून द्या.

सरकारी सोयही आहे, ती माहीत असू द्या. १९९५ पासून राज्यात ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना आहे. नियमानुसार निम्म्या जागा विनाशुल्क आणि निम्म्या दरमहा ५०० रुपये शुल्काच्या. याशिवाय २००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधार ज्येष्ठांसाठी किमान १५० जणांचं निवासस्थान असावं असं म्हटलं आहे. कायद्यात आहे तितकं जमिनीवर दिसत नाही. धर्मादाय ट्रस्टचे आश्रम चांगले असतात, पण तिथे जागा पटकन मिळत नाही. पैसे घेणाऱ्या ठिकाणी एक गोष्ट विचारून घ्या. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेच्या वृद्धाश्रमात साठीवरच्या माणसासाठी राहणं-जेवण धरून महिना २५,००० पर्यंतच्या शुल्कावर जीएसटी नाही. बिलात तो लावला असेल तर का लावला ते विचारा.

राहता राहिल्या त्या ज्येष्ठांसाठीच्या खास वसाहती. पुण्यात परांजपे यांची ‘अथश्री’ आता बऱ्याच जणांना माहीत आहे, आणि तशा आणखीही झाल्या आहेत. स्वतःचा फ्लॅट, खाली भोजनगृह, बोलावलं की डॉक्टर, बरोबरीची माणसं. कुठे फ्लॅट विकत घ्यायचा असतो, कुठे मोठी अनामत देऊन राहायचं असतं, आणि वर दरमहा देखभाल व जेवणाचे पैसे. इथे लोक फक्त महिन्याचा आकडा बघतात आणि अडकलेल्या रकमेकडे दुर्लक्ष करतात. समजा २५ लाख अनामत दिली. त्याच पैशात तालुक्याच्या गावी एखादा गाळा घेतला असता तर त्याचं भाडं आलं असतं. ते बुडालेलं भाडंही महिन्याच्या खर्चातच धरायला हवं. अनामत परत मिळताना किती कापतात, किती दिवसांत देतात, आणि वारसांना देताना कुठली कागदपत्रं मागतात, हेही बघा. आपल्याकडे वारसा अनेकांत वाटला जातो, एका नॉमिनीने सगळं घेतलं की भांडणं लागतात. विकत घेतलेला फ्लॅट मुलांना मिळेल, पण अशा वसाहतींत राहण्यासाठी वयाची अट असते, त्यामुळे नातवाला तिथे संसार मांडता येईलच असं नाही. बांधकाम कसं असावं याबद्दल महारेराने २०२४ मध्ये नियम घालून दिलेत. दारं किमान ९०० मिलिमीटर रुंद, व्हीलचेअर जाईल अशी लिफ्ट, न घसरणारी फरशी, पकडायला दांडे. मोजपट्टी घेऊन जायला लाजू नका. आणि आपलं नाव ऐकून ‘आता जागा नाही’ म्हणणारेही भेटतात. म्हणून पुण्यापर्यंत हेलपाटा मारण्याआधी फोनवर पूर्ण नाव सांगूनच चौकशी करा. या भगिनीच्या अम्मीसाठी मात्र हा मार्ग मी सुचवणार नाही. पैसे असले तरी नाही. जिची सगळी बोलणी गावच्या बोलीत होतात, ती तिथल्या भोजनगृहात कुणाशी बोलणार?

पैसा कुठून येणार हा पुढचा प्रश्न. निवृत्तीचे पैसे ज्येष्ठांच्या ठेवीत टाकायचे आणि व्याजावर महिना चालवायचा, हे शेजारच्या घरांतलं सोपं गणित. आपल्यातल्या बऱ्याच घरांत व्याज घेत नाहीत, म्हणून आपला हिशोब मुळातच वेगळा बसतो. आपल्याकडे असतं ते भाडं, बाग, सोनं आणि मुलांनी पाठवलेले पैसे. या घरात कलमं आहेत. ती एखाद्या खात्रीच्या बागायतदाराला कराराने दिली तर वर्षाला एकरकमी पैसे येतील, आणि ते अम्मीच्या नावाच्या खात्यात जावेत, भावाच्या नाही. एक चूक अनेक ठिकाणी होते. परदेशातला मुलगा जकातीच्या पैशातून आईचा खर्च भागवतो. आईवडिलांना जकात देता येत नाही. त्यांचा नफका हा मुलांवरचा स्वतंत्र हक्क आहे, तो खऱ्या कमाईतून द्यायचा. आणि औलाद म्हटलं की त्यात लेकीही आल्या, ऐपतीप्रमाणे. लेकींनी फक्त सेवा करायची आणि मुलांनी फक्त पैसे द्यायचे, असं कुठेही लिहिलेलं नाही.

सरकारकडून थोडं मिळतं. सत्तरीवरच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतचं कार्ड काढता येतं. २०२४ च्या ऑक्टोबरपासून ही सोय झाली, वर्षाला पाच लाखांपर्यंत. पण ते दवाखान्यात भरती झाल्यावरच्या उपचाराला आहे, घरच्या बाईच्या पगाराला किंवा आश्रमाच्या फीला नाही. ज्यांचं उत्पन्न अगदीच तुटपुंजं आहे त्यांना ६५ नंतर श्रावणबाळ योजनेचे महिना १५०० मिळू शकतात, तहसील कार्यालयात अर्ज करावा लागतो. कुणाकडे म्हाताऱ्या माणसाची आबाळ होत असेल तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मोफत फोन आहे.

मुलं पाहतच नसतील तर २००७ चा तोच कायदा कामी येतो. तो सगळ्या धर्मांना लागू आहे. प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा, वकील लावावा लागत नाही, दरमहा १०,००० रुपयांपर्यंत निर्वाह ठरवून मिळू शकतो. वर मांडलेले छत्तीस हजार पाहता तो कमीच आहे, पण ज्या आईच्या हातात काहीच नाही तिला आधार होतो.

याच कायद्याचं कलम २३ प्रत्येक आईने माहीत करून घ्यावं. सांभाळण्याच्या अटीवर घर किंवा जमीन दिली आणि नंतर सांभाळलं नाही, तर ते देणं रद्द होऊ शकतं. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने लावला. पण कागदावर अट असेल तर काम सोपं, नसेल तर कठीण. आपल्याकडे हिबा तोंडीही होतो, कब्जा दिला की पुरा होतो. हनफी मताप्रमाणे औलादीला केलेला हिबा ताबा दिल्यावर मागे घेता येत नाही. शाफई मतात, म्हणजे कोकणात आपल्यातले बहुतेक जण ज्या मताचे आहेत त्यात, आईवडिलांना तशी मुभा आहे. कोर्टात या बारकाव्यांवर वर्षं निघून जातात. म्हणून अम्मीने हयातीत राहतं घर कुणाच्याही नावे करू नये, असं मी स्पष्ट सांगते. घर तिच्या नावावर असलं की वरचे तिन्ही मार्ग तिच्यासाठी खुले राहतात.

मग या घरापुरतं मी काय सुचवते? अम्मीला गावातच राहायचं असेल, आणि पत्र वाचून मला तसंच वाटतं, तर चोवीस तासांची बाई लगेच ठेवू नका. दिवसा गावातलीच ओळखीची बाई आठ तास, दहा-अकरा हजारांत. रात्री सोबतीला नात्यातली किंवा शेजारची एखादी एकटी बाई, तिला रीतसर पैसे देऊन, तीन-चार हजार. सवाबाच्या नावाखाली फुकट नको. न्हाणीघरात पकडायला दांडे, रबरी चटई, पलंगाजवळ कमोडची खुर्ची आणि रात्रभर जळणारा छोटा दिवा. हे पाच-सात हजारांचं काम आहे, आणि ते बाई शोधण्याच्याही आधी करा. अम्मी पडली ती न्हाणीघरातच. व्हीलचेअर, वॉकर, दवाखान्याचा पलंग विकत घेऊ नका. अनेक गावांत जमातीकडे किंवा सेवाभावी संस्थेकडे अनामत ठेवून वापरायला मिळतो. असा महिन्याचा खर्च तीसच्या आत बसेल. दोघा भावांनी ठरलेली रक्कम पाच तारखेच्या आत अम्मीच्या खात्यात टाकावी, ‘लागेल तसं पाठवतो’ चालणार नाही. हिशोब बहिणीने ठेवावा. आणि वहिनीला शहरात जाऊ द्या. चार वर्षं तिने केलं, त्याबद्दल दोन्ही भावांनी तिला फोन करून शुक्रिया म्हणावं, तेवढं तरी.

सहा महिन्यांनी पुन्हा वही उघडा. अम्मीला रात्री दोन माणसं लागायला लागली किंवा विसर पडायला लागला, तर हे गणित मोडेल, आणि तेव्हा आश्रम हाच बरा मार्ग असू शकतो. तो घेतला म्हणजे औलाद नालायक ठरत नाही. जिथे अम्मीचं पथ्य वेळेवर होतं, अंथरूण कोरडं राहतं आणि आठवड्याला कुणी भेटायला जातं, ते ठिकाण घरातल्या अंधाऱ्या खोलीपेक्षा चांगलं.

बघायला गेलात तर ऑफिसातल्या साहेबांशी कमी बोला. दुपारी साडेतीन-चारला, न कळवता जा. चादरींचा वास घ्या, पाण्याची भांडी हाताच्या अंतरावर आहेत का बघा, संध्याकाळच्या पाळीला किती बाया आहेत ते मोजा. आणि शक्य झालं तर अम्मीला एक महिना राहून बघू द्या. काही ठिकाणी तशी थोड्या दिवसांची सोय असते. अनामत त्यानंतर भरा.